गर्भपात : सिस्टरचं मत आणि सिस्टरचं काम

मोलगीच्या वरच्या पाड्यांवरून बाई दवाखान्यात यायची म्हणजे आधी पायवाट, कधी बांबूची झोळी, मग जीप. मोलगीत काम झालं नाही तर देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा, तिथून नंदुरबार. एवढं करून आलेल्या बाईला टेबलामागून ऐकायला मिळतं, "असलं पाप आम्ही करत नाही." तिची मजुरी बुडते, भाडं जातं, आणि आठवडे वाढतात. गर्भपातात आठवडे वाढले की धोकाही वाढतो.

मी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं ड्यूटी केली आहे. ड्यूटीरूममधल्या गप्पा मला चांगल्या ठाऊक आहेत. एक सिस्टर याला पाप म्हणते. दुसरी आधी गळ्यातलं मंगळसूत्र बघते. तिसरी नुसती घाबरलेली असते, आणि माझ्या अनुभवात अशाच जास्त. आपल्या घरांतल्या मुलीही आता नर्स होतात, त्या विचारतात, "ताई, पहिलं शील घेतलंय, मग या कामात हात कसा घालायचा?" प्रश्न प्रामाणिक आहे. माझं उत्तर असं की शील ज्याने त्याने स्वतःसाठी घेतलेलं असतं. समोरच्या बाईकडून ते पाळून घेणं सिस्टरच्या कामात येत नाही. तिचं काम आठवडे मोजणं, हिमोग्लोबिन बघणं, ऐकून घेणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं.

डॉक्टरांसाठी तर लेखी नियमच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे वैद्यकीय गरज असताना नुसत्या धर्माच्या कारणावरून डॉक्टरला गर्भपाताला नकार देता येत नाही. आपल्याला ते काम नीट येत नाही असं त्यांना वाटत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्यांनी तसं सांगून दुसरीकडे चिठ्ठी द्यावी.

हा कायदा आला कसा, तेही ऐका. चोरून काड्या घालून, जडीबुटी घेऊन बाया मरत होत्या. म्हणून 1964 मध्ये केंद्राने समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे आपल्याच महाराष्ट्राचे मंत्री. त्यांचा अहवाल 1966 ला आला, 1971 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. म्हणजे कायद्याच्या मुळाशी बाईचा जीव वाचवणं आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दिलेल्या कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कार झालेली, अल्पवयीन, मध्येच विधवा झालेली अशा काही जणींना 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे, पण तिथे दोन डॉक्टर लागतात.

मग सिस्टर घाबरते कशाला? दोन कायद्यांची गल्लत होते म्हणून. गर्भ मुलीचा आहे म्हणून पाडणं आणि त्यासाठी सोनोग्राफीत लिंग बघणं हा गुन्हा आहे, त्याचा कायदा 1994 चा. आपल्या राज्यात त्यावर धाडी पडल्या, डॉक्टर तुरुंगात गेले, ते योग्यच झालं. पण त्या पोस्टरांवरचा "भ्रूणहत्या" हा शब्द सगळ्याच गर्भपातांना चिकटला.

नवऱ्याच्या सहीचं असंच. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवरा, सासू, सरपंच, कोणाचीही लागत नाही. लग्न झालेलं नसलं तरी नाही म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला ते स्पष्ट केलं. अठराच्या आतल्या मुलीसाठी मात्र पालकाची लेखी संमती हवी, आणि पोलिसांना कळवावं लागतं. पण तिने आणि पालकाने विनंती केली तर त्या कळवण्यात तिचं नाव देण्याची सक्ती नाही, हेही त्याच निकालात आहे. पोलिसांच्या भीतीने मुलीला लपवून ठेवू नका. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या घरांत ही गोष्ट उशिरा उघडी पडते. बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता गोळ्या. त्या 9 आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. दुकानातून कोणाला तरी पाठवून आणू नका. आपल्या नंदुरबार भागात सिकलसेल आणि रक्त कमी असलेल्या बाया पुष्कळ. त्यांना थोडा जास्त रक्तस्रावही झेपत नाही. गर्भ पिशवीबाहेर, नळीत असेल तर या गोळ्या चालत नाहीत आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो.

गोळ्या कुठूनही घेतल्या असोत, तासाला दोन पॅड भिजतात असं सलग दोन तास झालं, एक दिवसाहून जास्त ताप राहिला, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, चक्कर आली किंवा पोटात एका बाजूला कळ उठली, तर 108 ला फोन करा. दवाखान्यात गोळ्या घेतल्याचं लपवू नका, कधी आणि किती घेतल्या ते सांगा, रिकामं पाकीट असेल तर सोबत न्या.