ट्रेमध्ये नट उरला नाही

सिकंदराबादला ट्रेनिंगमध्ये गाडी जोडून झाली की आमचे उस्ताद आधी पार्टांचा ट्रे बघायचे. त्यात एक जरी नट उरलेला दिसला, तर सगळी जोडणी पुन्हा खोलायला लावायचे. पुढे बावीस वर्षं मी ईएमईत मेकॅनिक होतो. सैन्याच्या गाड्या, रणगाडे, तोफा चालत्या ठेवणारं हे दल 1943 साली उभं राहिलं. झोजीलाच्या लढाईबद्दल वाचताना मला अजूनही तो ट्रे आठवतो.

1948 साली शत्रू झोजीला खिंड अडवून बसला होता आणि लेहचा रस्ता तुटला होता. सप्टेंबरमधले पायदळाचे हल्ले फसले. तेव्हा जनरल थिमय्यांनी साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे चढवायचं ठरवलं. 7 कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून निघाले. वाटेतले पूल कच्चे होते आणि बातमी फुटूनही चालणार नव्हतं. म्हणून टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारा वरचा भाग, उतरवून वेगळा नेला. मद्रास सॅपर्सनी बालतालपासून खिंडीपर्यंतची खेचरांची वाट रुंद केली. बालतालला टरेट पुन्हा चढवले.

‘पुन्हा चढवले’ हे लिहायला सोपं आहे. टरेट एका मोठ्या गोल कड्यावर बसतो. वरून ते लोखंडी धूड इंच-इंच खाली सोडायचं, दोघांनी हातानं वळवत राहायचं, एकानं आत वाकून भोकाशी भोक जुळतंय का ते बघायचं. बोल्ट समोरासमोरचे आवळत जायचं. एकाच बाजूनं आवळले तर कडं तिरकं बसतं. वाळूचा खडा आत राहिला, तर ऐन वेळी तोफ अडकते. लडाखच्या थंडीत मी असली कामं केली आहेत. हातमोजा घातला तर नट बोटांना लागत नाही, काढला तर पाना कातडीला चिकटतो. ग्रीस मेणासारखं घट्ट होतं.

1 नोव्हेंबर 1948 रोजी ते रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल, हे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हतं. महिना संपायच्या आत कारगिल परत हाती आलं, लेहची वाट मोकळी झाली.

या विजयात सेनापतींची आणि रणगाडे चालवणाऱ्यांची नावं घेतली जातात, ती घ्यायलाच हवीत. मी त्यांच्यासोबत बालतालच्या गारठ्यात कड्यावरून बोट फिरवून खडा शोधणाऱ्या मेकॅनिकांनाही सलाम करतो. 1 नोव्हेंबरला तोफा शत्रूच्या बंकरांकडे वळल्या. म्हणजे कडं साफ होतं आणि ट्रे रिकामा होता.