शेजाऱ्यांचा बाजार आणि सीमेवरचा छोटा व्यापारी

गोंदियाचा बाजार तीन राज्यांच्या गिऱ्हाइकांवर चालतो. बाघ नदीपलीकडून बालाघाटचे लोक येतात, देवरीच्या बाजूने छत्तीसगढचे येतात आणि आमगाव, सालेकसा, तिरोड्याचे आपले लोक तर आहेतच. लग्नसराईत कापड घेणारा माणूस कोणत्या राज्याचा, हे दुकानदार विचारीत नाही. परंतु माल पाठवायची वेळ आली की राज्य विचारावेच लागते. म्हणून शेजारी मुल्क व्यापाराने कसे जोडले जातात आणि का तुटतात, हा विषय आम्हांला केवळ दिल्ली आणि ब्रुसेल्सचा वाटत नाही. तो आपल्या गल्ल्याचाही आहे.

वचन आणि बरोबरी

सूरह कुरैशमधील हिवाळ्याच्या व उन्हाळ्याच्या सफरीचा उल्लेख आपल्या वाचकांना पाठ आहे. या सफरी सुखरूप होत त्या करारांमुळे. हुजूर (स.) यांचे पणजोबा हाशिम यांनी वाटेवरील टोळ्यांशी आणि शेजारच्या राज्यकर्त्यांशी बोलणी करून काफिल्यांना अमान मिळविली, असे सीरतच्या किताबांत येते. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात परमुलखातील व्यापाऱ्यांकडून किती महसूल घ्यावा, असा सवाल निघाला. त्यांचा मुलूख आपल्या व्यापाऱ्यांकडून जितका घेतो तितकाच घ्यावा, असे त्यांनी ठरवून दिले. वचन पाळणे आणि बरोबरीने वागणे, या दोन गोष्टींवर शेजाऱ्यांची तिजारत तेव्हाही उभी होती.

युरोपने काय केले

जर्मनी एकेकाळी अनेक लहानमोठ्या राज्यांत वाटलेला होता आणि प्रत्येकाची जकात वेगळी होती. १ जानेवारी १८३४ रोजी प्रशियाच्या पुढाकाराने त्यांपैकी बऱ्याच राज्यांनी जकातसंघ सुरू केला. आपसांतील जकात उठली, बाहेरच्या मालावर एकच जकात बसली आणि जमा झालेली रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली जाऊ लागली. जर्मनी एक देश झाला तो १८७१ साली, तोही युद्धांतून. बाजार मात्र त्याच्या कितीतरी आधी एक झाला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच धडा पुन्हा गिरविला गेला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद यांपुरता करार केला. तोफा ज्या मालातून बनतात तोच माल आधी सामायिक केला. १९५७ मध्ये रोमचा करार झाला, १ जुलै १९६८ रोजी आपसांतील जकात संपली, १९९३ पासून बाजार एक झाला आणि २००२ मध्ये एकच नाणे लोकांच्या हाती आले. म्हणजे पन्नास वर्षे लागली. २०२० मध्ये ब्रिटन त्यातून बाहेर पडला, यावरून अशी एकी कायमची गृहीत धरता येत नाही हेही दिसले.

सार्कचे घोडे कोठे अडले?

आपल्या बाजूला ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सार्कची स्थापना झाली. १९९५ मध्ये सवलतीच्या जकातीचा ‘साप्टा’ करार लागू झाला आणि २००६ पासून मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ आला. कागद उत्तम होते. पण प्रत्येक देशाने सवलत न देण्याच्या मालाची लांबलचक यादी जवळ ठेवली आणि राजकारण बिघडले की फाटक बंद, हाच रिवाज राहिला. भारताने पाकिस्तानला १९९६ मध्ये दिलेला व्यापारी दर्जा पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये काढला, त्याच ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार थांबविला आणि मे २०२५ मध्ये भारताने तिकडून येणारा सर्व माल बंद केला. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली.

बांगलादेशाची गोष्ट आपल्या धंद्याला अधिक जवळची आहे. २०११ मध्ये भारताने गरीब शेजाऱ्यांसाठीची ती यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. तिकडचे तयार कपडे स्वस्तात येऊ लागले आणि इकडच्या शिलाई कारागिरांना त्याची धास्ती वाटली, ती खोटी नव्हती. पण आपले सूतही तिकडे जात होते. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीच्या मार्गाने सूत घेणे बंद केले. मे महिन्यात भारताने तिकडचे तयार कपडे फक्त कोलकाता आणि न्हावाशेवा बंदरांतूनच येतील असे ठरविले. एकाने दार लावले, दुसऱ्याने खिडकी. नुकसान दोन्हीकडच्या कारागिरांचे.

घरची गोष्ट

आता आपल्याच घरात पाहू. १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते. शेजारची नांदगाव, खैरागड ही संस्थाने १ जानेवारी १९४८ रोजी त्याच प्रांतात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला आणि २००० मध्ये छत्तीसगढ वेगळे राज्य झाले. नातीगोती, सोयरिकी, बाजारहाट होते तेथेच राहिले. मधून रेघ मात्र गेली.

देशभर व्यापार मुक्त राहील, असे राज्यघटनेचे ३०१ वे कलम सांगते. तरीही पूर्वीच्या काही संस्थानांना सुरुवातीची काही वर्षे स्वतःची जकात ठेवण्याची मुभा घटनेनेच दिली होती. पुढे १९५७ मध्ये एक मोठी गोष्ट झाली. गिरणीचे कापड, साखर आणि तंबाखू यांवरील विक्रीकर राज्यांनी सोडला, त्याऐवजी केंद्राने जादा अबकारी कर घेतला आणि त्यातून राज्यांना हिस्सा दिला. जर्मन जकातसंघाचाच हा मार्ग होय. हक्क सोडा, पण वाटा पक्का घ्या. कापडवाल्यांना कित्येक वर्षे विक्रीकराची कटकट फारशी झाली नाही, ती यामुळे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. कापडावर ५ टक्के कर बसला, सुरतच्या व्यापाऱ्यांनी संप केला. विडीवर २८ आणि तेंदूपत्त्यावर १८ टक्के बसले. हे दर अनुक्रमे १८ आणि ५ टक्के करण्याचे जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी ठरविले. राज्याराज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले, ट्रकांचा वेळ वाचला, हे मान्य केलेच पाहिजे.

छोट्याची अडचण

पण एक सीमा उरली आहे. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही. मात्र हा माल राज्यातल्या राज्यात विकला पाहिजे. करपात्र मालाचा एक गठ्ठा जरी बालाघाटला पाठविला तरी उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावी लागते. ज्याने कंपोझिशनची सवलत घेतली आहे त्याला परराज्यात माल पाठविताच येत नाही. राज्याच्या मध्यभागातल्या छोट्या दुकानदाराला सर्व बाजूंनी आपल्याच राज्याचा मुलूख आहे. गोंदियाच्या दुकानदाराचे नैसर्गिक गिऱ्हाईकच नदीपलीकडे आहे. मोठ्या पेढीला सीमा उरली नाही, छोट्याला उरली.

यावर तोड नाही असे नाही. २०११ मध्ये मेघालयात कालाइचर येथे भारत-बांगलादेश सीमाहाट सुरू झाला. दोन्ही बाजूंच्या गावकऱ्यांनी आपला माल जकातीवाचून विकावा, खरेदीला मर्यादा असावी, एवढी साधी योजना. परमुलखाच्या सीमेवर जे चालते ते दोन राज्यांच्या सीमेवर का चालू नये? शिवाय जीएसटीतही दाखला आहे. सरकारी यादीतील हस्तकलेच्या वस्तू बनविणाऱ्या छोट्या कारागिराला परराज्यात विक्री करूनही २० लाखांपर्यंत नोंदणीची सूट २०१७ पासून आहे. पॅन आणि ई-वे बिल मात्र लागते. आपल्यातील अनेक कारागिरांना ही सूट ठाऊकही नसेल. त्यांनी आपली वस्तू यादीत आहे काय, हे कर सल्लागाराकडून तपासून घ्यावे.

तीच सूट सीमावर्ती जिल्ह्यांतील छोट्या दुकानदारांना शेजारच्या राज्यापुरती मिळावी, अशी मागणी व्यापारी संघटनांनी करावी, असे आम्हांस वाटते. ही मागणी गोंदियाने एकट्याने करून भागणार नाही. बालाघाट आणि राजनांदगावच्या व्यापाऱ्यांनाही बरोबर घ्यावे, कारण त्यांचीही अडचण हीच आहे. तिन्ही राज्यांचे अर्थमंत्री जीएसटी परिषदेवर बसतात. एकच अर्ज तिघांकडे गेला तर त्याचे वजन पडेल.

त्याआधी आपले घर नीट असावे. देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, तरी आपल्यापैकी पुष्कळांचा कारोबार अजून तोंडी चालतो. ज्याच्या वह्या साफ, तोच अधिकाऱ्यासमोर मान वर करून बोलतो. वह्या साफ ठेवू, शेजाऱ्याशी वचन पाळू आणि हक्क एकजुटीने मागू. रोजीत बरकत देणारा अल्लाह आहे.