एन्कोड केलेल्या मजकुरात शिवी येते कुठून?

"एन्कोड करून पाठव, मग फिल्टरला काही कळायचं नाही." हा सल्ला इतक्या वेळा कानावर आला आहे की आता तो ऐकून गप्प बसवत नाही. याच समजाची दुसरी बाजू तर जास्त त्रासदायक. एन्कोड केलेल्या मजकुरात मध्येच फुल्या उमटतात, आणि पाठवणाऱ्यालाच ऐकवलं जातं की तूच काहीतरी वावगं लिहिलं असशील.

मुळात शब्दयादीवर चालणारा फिल्टर काहीच वाचत नाही. त्याच्याकडे नकोशा शब्दांची यादी असते. समोरच्या मजकुरात त्यातली अक्षरं त्याच क्रमाने सापडली की तो तिथे फुल्या मारतो. मजकूर माणसाला वाचता येतो की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उलट एन्कोड केलेला मजकूर म्हणजे सलग अक्षरांची लांबच लांब माळ, त्यामुळे जुळणी होण्याची संधी तिथेच जास्त.

सर्रास वापरली जाणारी बेस६४ पद्धत घ्या. तिचा तपशील २००६ सालच्या आरएफसी ४६४८ या दस्तऐवजात आहे. मूळ मजकुरातले ३ बाइट, म्हणजे २४ बिट, घ्यायचे, त्यांचे ६-६ बिटांचे ४ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी ६४ चिन्हांपैकी एक लिहायचं. इंग्रजीची २६ कॅपिटल आणि २६ लहान अक्षरं, १० अंक, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ, अशी ही ६४ चिन्हं. फिल्टर सहसा लहान-कॅपिटल असा भेद करत नाही. म्हणजे एखाद्या जागी हवं ते अक्षर पडण्याची शक्यता ३२ मध्ये १. एखादा ठरावीक तीन अक्षरी शब्द सरासरी ३२,७६८ जागांमागे एकदा जुळतो, चार अक्षरी शब्द १०,४८,५७६ जागांमागे एकदा. १० लाख बाइटांच्या फोटोची बेस६४ मध्ये सुमारे १३ लाख चिन्हं होतात. त्यात यादीतला प्रत्येक तीन अक्षरी शब्द सरासरी ४० वेळा येईल, चार अक्षरी एखाद वेळा. फोटो देवदर्शनाचा असला तरी हेच.

हा हिशेब विस्कळीत, यादृच्छिक डेटाचा झाला. मराठी मजकुराचं प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तिथे जुळणी नशिबावर राहत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, स्पेस मात्र १ बाइटची. "बस चालक" हे दोन शब्द बेस६४ मध्ये घाला. "बस"चे ६ बाइट झाले, मग स्पेसचा १. त्या एका बाइटने पुढची सगळी विभागणी सरकते आणि 'ल'चा शेवटचा बाइट नव्या गटाच्या सुरुवातीला येतो. त्याच्यामागे 'क'चे पहिले दोन. या तीन बाइटांची चार चिन्हं होतात: एस, यू, सी, के. इंग्रजीतला हा शब्द अनेक फिल्टरांच्या यादीत असतो. 'ल'नंतर काना, पहिली वेलांटी किंवा कुठलंही व्यंजन आलं तरी नेमकं हेच होतं. म्हणजे मला, तुला, घराला. अट एवढीच की त्याआधी स्पेस, स्वल्पविराम यांसारखी एका बाइटची चिन्हं १, ४, ७ अशा संख्येने येऊन गेलेली असावीत. साध्या मराठी परिच्छेदात ही अट पुन्हा पुन्हा पूर्ण होते. लिहिणाऱ्याच्या मनात शिवी नसते, मजकुरात नसते, तरीही यादीतला शब्द तयार होतो.

"चार फुल्यांनी काय बिघडतं?" असंही विचारलं जातं. डीकोडर काटेकोर असेल तर तो मजकूर सरळ नाकारतो, आणि ते बरंच म्हणायचं. सैल डीकोडर अनोळखी चिन्हं वगळून पुढे जातो. आपल्या उदाहरणात त्याने चार फुल्या वगळल्या की बरोबर ३ बाइट गळतात, आणि 'ल'चे उरलेले दोन बाइट 'क'च्या शेवटच्या बाइटला चिकटून नीटस 'क' तयार होतो. हाती येतं "बस चाक". चूक झाल्याचा कुठलाही इशारा नाही! गळालेला शब्द तीन अक्षरी असता तर १८ बिट गेले असते आणि तिथून पुढचा सगळा मजकूर विस्कटला असता. झिप फाइल असेल तर तपासणीचा आकडा जुळत नाही, डिजिटल सही असेल तर ती खोटी ठरते.

आता बाकीचे समज. एन्कोडिंग म्हणजे कुलूप नव्हे. त्याला किल्लीच नसते, कोणीही ते उलटं फिरवू शकतं.

"मोठ्या कंपन्यांत असं होत नाही" हेही खोटं. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली आहे. याहूच्या ईमेल सेवेत तर सुरक्षेसाठी लावलेल्या फिल्टरने 'इव्हॅल'च्या जागी 'रिव्ह्यू' घालून 'मेडिइव्हल'चं 'मेडिरिव्ह्यू' केलं होतं.

फक्त पूर्ण शब्द तपासला की प्रश्न सुटतो, असं काही प्रोग्रामर सांगतात. तो कमी होतो, सुटत नाही. अधिकचं चिन्ह, तिरकी रेघ आणि ओळीचा शेवट या शब्दाच्या सीमाच धरल्या जातात.

आणि सगळ्या एन्कोडिंग पद्धती सारख्या नसतात. हेक्समध्ये अंकांखेरीज ए ते एफ एवढीच अक्षरं असल्याने शिव्या जवळपास जुळतच नाहीत; मजकूर मात्र दुप्पट होतो, बेस६४ मध्ये तो तिसऱ्या हिश्शानेच वाढतो. प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्ड यांनी आपल्या बेस३२ पद्धतीतून 'यू' हे अक्षर अपघाती शिव्या टाळण्यासाठीच वगळलं. पत्त्याऐवजी वापरायच्या गूगलच्या प्लस कोडसाठी २० चिन्हं निवडतानाही त्यांतून शब्द बनू नयेत हे पाहिलं गेलं. मजकूर लहान असेल तर हेक्स वापरा, मोठा असेल तर फाइल जोडा, आणि सोबत एसएचए-२५६ चा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा ठसा, द्या. तो बहुधा हेक्समध्ये लिहितात, त्यामुळे फिल्टरमधून सहसा धड पोचतो, आणि मजकुरातला एक 'ल' जरी गळाला तरी जुळत नाही.