घरच्या तबकड्यांचे जतन

हैदराबादेतील मराठी समाजाचा इतिहास बहुधा संस्था, शाळा आणि ग्रंथालये यांच्या नावांनी सांगितला जातो. त्या इतिहासाचा एक मोठा भाग मात्र कोणत्याही ग्रंथालयात नाही. तो अंबरपेठ, काचीगुडा, बरकतपुरा येथील घरांच्या कपाटांत, कापडी पाकिटांत किंवा मिठाईच्या रिकाम्या डब्यांत पडून आहे. मुंजीची व्हीसीडी, लग्नाची डीव्हीडी, गणेशोत्सवातील नाटकाचे चित्रण, आजीने म्हटलेल्या ओव्यांची कॅसेटवरून उतरवलेली सीडी ही या इतिहासाची साधने होत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात जी पिढी उर्दू माध्यमातून शिकली, तिची मराठी ही पुणेरी मराठीहून निराळी होती. उर्दू अदब आणि तेलुगू हेल यांनी रंगलेली ती बोली पुस्तकांत फारशी उतरली नाही. ती बोलणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांचा आवाज राहिला आहे तो या तबकड्यांत. म्हणूनच तबकड्या वाचण्यासाठी कोणता ड्राइव्ह घ्यावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही, असे आम्हांस वाटते.

सीडी बाजारात आली १९८२ साली आणि डीव्हीडी १९९६ साली. आपल्याकडे या वस्तू घरोघर पोचल्या त्या स्वस्ताईमुळे. दिल्लीत १९८३ साली सुरू झालेली मोझर बेअर ही कंपनी कोऱ्या तबकड्यांच्या उत्पादनात जगातील मोठ्या कंपन्यांत गणली जाई. पुढे तिने चित्रपटांच्या व्हीसीडी अगदी अल्प किमतीत विकल्या. तीच कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. सोनीने आपल्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह बहुधा नसतोच. तबकडी शाबूत असून ती वाचणारे यंत्रच मिळू नये, अशी वेळ फार दूर नाही.

तबकडीही अमर नाही. दुकानातून विकत आणलेली सीडी साच्यात दाबून केलेली असते. व्हिडिओवाल्याने भरून दिलेल्या तबकडीत मात्र सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो रंग विटतो. मे महिन्यातील हैदराबादचा उन्हाळा आणि गच्चीखालची खोली यांचा विचार केला, म्हणजे अधिक सांगणे नको. ऑक्टोबर २०२० मध्ये मुसी नदीचे पाणी मूसारामबागेच्या पुलावरून वाहिले, त्या दिवसांत सखल वस्त्यांतील घरांनी जे सोसले तेही विसरता येत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सीडीचा चकाकता थर चित्राच्या बाजूस अगदी वर, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून खालच्या बाजूच्या बारीक ओरखड्यापेक्षा वरच्या बाजूवर टोकदार पेनाने लिहिलेले नाव अधिक घातक ठरते. डीव्हीडीत तो थर दोन पत्र्यांच्या मधोमध असल्याने थोडा सुरक्षित असतो.

आता यंत्राविषयी. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला, लॅपटॉपला केबलने जोडावयाचा पातळ ड्राइव्ह. तो हलका व स्वस्त असतो आणि यूएसबीतूनच वीज घेतो. पण ती वीज अपुरी पडली की वाचन मध्येच अडखळते. दुसरा, जुन्या टेबलावरच्या संगणकात बसणारा पूर्ण आकाराचा ड्राइव्ह. त्याला स्वतंत्र वीजजोड असलेल्या पेटीत बसवले की तो यूएसबीने कोणत्याही संगणकास जोडता येतो. शंभर-दोनशे तबकड्यांचे काम असेल, तर आमचे मत निःसंशय या दुसऱ्या प्रकारास आहे. त्याची मोटर व तबकडी धरणारा भाग भक्कम असतो, आणि दीर्घ काळ चालण्यासाठीच तो घडवलेला असतो. सिकंदराबादेच्या पार्क लेनवरील चेनॉय ट्रेड सेंटर या संगणकबाजारात अशा वस्तूंची चौकशी करता येईल. वापरलेला ड्राइव्ह घेताना घरची एक सीडी व एक डीव्हीडी सोबत न्यावी आणि दोन्ही शेवटपर्यंत वाचून पाहाव्यात. सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर अशा निराळ्या लहरींचे लेसर लागतात, व त्यांतील एक थकलेला असूनही दुसरा उत्तम चालू शकतो.

शक्य असल्यास निरनिराळ्या कंपन्यांचे दोन ड्राइव्ह जवळ असावेत. एका यंत्राने नाकारलेली तबकडी दुसरे यंत्र निमूटपणे वाचते, हा नेहमीचा अनुभव आहे. वेगाचा हव्यास धरू नये. कुरकुरणाऱ्या तबकडीस वाचनाचा वेग कमी करून द्यावा. तबकडी पुसावयाची ती मऊ, कोरड्या कापडाने, मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून कधीही नाही.

यंत्र मिळाले तरी पद्धत चुकली तर श्रम वाया जातात. गाण्यांची सीडी उघडली की संगणकावर ४४ बाइटांच्या इवल्याशा फाइली दिसतात. कित्येक घरांत त्याच उचलून ठेवल्या जातात आणि गाणी उतरली असे समजले जाते. वस्तुतः त्या केवळ जागा दाखविणाऱ्या चिठ्ठ्या होत. गाणे त्यांत नसते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या प्रणालीने गाणे वाचून घ्यावे आणि फ्लॅक या रूपात ठेवावे. त्यात आवाजाचा कणही न गमावता आकार साधारण निम्मा होतो. व्हीसीडीची अडचण निराळी. साध्या माहितीच्या सीडीवर प्रत्येक खंडात २,०४८ बाइट माहिती आणि तिच्या दुरुस्तीसाठी राखीव जागा असते. व्हीसीडीत ती राखीव जागा बव्हंशी चित्रासाठीच वापरून प्रत्येक खंडात २,३२४ बाइट भरलेले असतात. त्यामुळे नुसती फाइल ओढून घेताना एका ओरखड्यावर सारे काम थांबते. तिची बिन व क्यू या रूपातील संपूर्ण प्रतिमाच घ्यावी. साध्या माहितीच्या सीडीसाठी व घरगुती डीव्हीडीसाठी आयएसओ प्रतिमा योग्य. खराब झालेल्या तबकडीस डीडीरेस्क्यू ही प्रणाली उपयोगी पडते. कोणता भाग वाचला व कोणता राहिला याची ती नोंद ठेवते, म्हणून उरलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचता येतो.

क्रम कोणता धरावा? दुकानात मिळालेली नाट्यगीते वा चित्रपट शेवटी. त्यांच्या प्रती जगात अन्यत्र आहेत, आणि त्या आपल्या घरापुरत्याच उतरवाव्यात, वाटू नयेत. घरी किंवा व्हिडिओवाल्याकडे भरलेल्या तबकड्या प्रथम, आणि त्यांतही जी माणसे आज आपल्यात नाहीत, त्यांच्या अगोदर. उतरवण्यापूर्वी वहीत सूची करावी : प्रसंग, साल, गाव आणि चित्रात दिसणारी माणसे. नावे सांगणारे वडीलधारे घरात आहेत तोवरच ही सूची होऊ शकते. नाव नसलेला चेहरा पुढच्या पिढीस परकाच राहतो.

जागेची चिंता नको. १५० सीडी-व्हीसीडी प्रत्येकी जास्तीत जास्त ८०० एमबी धरल्या आणि ४.७ जीबीच्या ४० डीव्हीडी धरल्या, तरी सारे मिळून सुमारे ३०८ जीबी होते. एक टीबीच्या हार्ड डिस्कचा तिसरा हिस्साही भरत नाही. मात्र प्रती तीन असाव्यात : दोन घरात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी. आपल्या बहुतेकांचे नांदेड, लातूर किंवा परभणीकडे कोणी ना कोणी आप्त आहेत. पुढल्या दिवाळीला जाताना फराळाच्या डब्यासोबत एक हार्ड डिस्कही न्यावी. वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. मूळ तबकड्या टाकून न देता उभ्या, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवाव्यात.

हे काम एका दिवसाचे नाही. रोज दोन तबकड्या घेतल्या तरी १९० तबकड्या सुमारे तीन महिन्यांत पुऱ्या होतात. सुटीत नातवंडांनी यंत्र चालवावे आणि आजी-आजोबांनी नावे सांगावीत, अशी वाटणी केली तर काम सोपेही होईल. परमुलुखात राहून मराठी टिकविण्याविषयी आपण सभांतून पुष्कळ बोलतो. ती मराठी प्रत्यक्षात कशी बोलली जात होती, कोणत्या शब्दावर आपली आजी हसत होती, हे ऐकविणारा पुरावा आज आपल्याच कपाटात आहे. तो उद्याही ऐकू यावा असे वाटत असेल, तर कपाट याच आठवड्यात उघडावे, एवढीच आमची वाचकांस विनंती.