घास छातीत अडकतो तेव्हा

भाकरीचा तुकडा छातीच्या हाडामागे थांबतो. माणूस पाण्याचा घोट घेतो, पाठ ताठ करतो, उठून दोन पावलं चालतो. घास कधी खाली सरकतो, कधी तसाच उलटून येतो. ‘पित्त असेल’ म्हणून गोळ्या सुरू होतात आणि त्यातच वर्षं जातात. वजन उतरतं, रात्री आडवं झालं की खोकला येतो, मग क्षयाच्याही तपासण्या होतात. आजार मात्र असतो अ‍ॅकलेझिया कार्डिया.

प्रौढांमध्ये अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या भिंतीतल्या स्नायूंची लाट घास खाली ढकलते आणि जठराच्या तोंडाशी असलेलं स्नायूंचं कडं नेमक्या वेळी सैल पडतं. त्याला सैल करणाऱ्या चेतापेशीच या आजारात नष्ट होतात. सुरुवातीला एंडोस्कोपीत फारसं काही दिसत नाही आणि इथेच अनेकदा निदान हुकतं. बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेत मात्र नळीचं खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं. आतला दाब मोजणारी मॅनोमेट्री खात्री करून देते.

१६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा एका रुग्णाला देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून दिला होता. जेवण झालं की त्याने अन्न खाली ढकलायचं! १९१३ मध्ये अर्न्स्ट हेलर यांनी हे कडं शस्त्रक्रियेने कापलं. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तेच काम तोंडावाटे, दुर्बिणीने केलं. हीच ‘पोएम’.

हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने या पद्धतीत मोठा अनुभव मिळवला. २०१३ पासूनच्या चारशेहून अधिक रुग्णांचे निष्कर्ष तिथल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला छोटी चीर द्यायची, अस्तराखालून बोगदा करत जठरापर्यंत जायचं, आखडलेला स्नायू कापायचा आणि चीर क्लिपांनी बंद करायची. पोटावर एकही टाका नाही.

मेलेल्या चेतापेशी यामुळे परत येत नाहीत. फक्त वाट मोकळी होते. पुढे काहींना आम्ल वर येण्याचा त्रास होतो आणि त्यासाठी औषध घ्यावं लागतं. तरीही पोटभर जेवता येणं ही या रुग्णांसाठी फार मोठी गोष्ट आहे.

अ‍ॅकलेझियात बहुधा सुरुवातीपासूनच घन आणि पातळ दोन्ही अडकतं. आधी फक्त भाकरी-भात अडकू लागला आणि काही आठवड्यांत पातळही जाईना, तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. दोन्ही बाबतींत पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. पोटविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा.