‘गॅस संपला’ म्हणजे नेमकं काय? गाडीचा एसी आणि आपलं मोजमाप

नागपुरात नवतपा लागला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: “एसीतला गॅस संपला, भरून देतो.” गॅस भरला जातो, गाडी थंड होते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मित्रांनो, संशोधनाची तयारी करत असाल तर ही गोष्ट नीट बघा. यातल्या चुका आपण प्रयोगशाळेतही करतो.

पहिली चूक ‘संपला’ या शब्दात आहे. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून पुढे जाऊन इव्हॅपोरेटरमध्ये केबिनची उष्णता घेतो आणि पुन्हा वायू होतो. चक्र बंद आहे. रबरी होजमधून वर्षाला काही ग्रॅम झिरपतात, तेवढं चालतं. पण वर्षभरातच थंडावा गेला, तर कुठेतरी गळती आहे. कमी गॅस हे लक्षण झालं, कारण नव्हे.

दुसरी चूक गेज वाचण्यात होते. इंजिन बंद, गेजवर १५० पीएसआय. मग गॅस भरपूर आहे ना? नाही! आर-१३४ए बंद जागेत असताना त्यात थोडाही द्रव शिल्लक असेल, तर दाब फक्त तापमानावर ठरतो. २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ४५ अंशांना साधारण १५३. आत ३०० ग्रॅम असो की ४५०, काटा तिथेच. म्हणजे गेज इथे गॅस मोजत नाहीये, नागपूरचं ऊन मोजतोय. एसी चालू असतानाही फक्त दाबावर भरवसा नको. कंडेन्सरच्या बाजूचा दाब जास्त दिसला, तर गॅस जादा झाला असेल, कंडेन्सर धुळीने बुजला असेल किंवा पंखा मंद असेल.

प्रमाण कळतं ते वजनाने. यंत्राने उरलेला गॅस बाहेर काढून तोलायचा. समजा, बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलंय आणि निघाले ३१०. म्हणजे १४० ग्रॅम गेले. आता प्रश्न नेमका झाला.

गेले कुठून? आधी डोळ्यांनी बघा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडून धूळ चिकटते. जोड, ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील आणि समोरून खडे खाणारा कंडेन्सर आधी तपासा. मग कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाचं पाणी लावा. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर गॅस आत असतानाच वापरायचा. तो जोडाच्या खालून फिरवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. पंखा मात्र बंद ठेवा. फारच बारीक गळती असेल, तर तेलात रंग मिसळून काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली बघतात.

“व्हॅक्यूम अर्धा तास टिकला, म्हणजे गळती नाही” हा निष्कर्षही घाईचा. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एका वातावरणाचा दाब असतो. चालत्या एसीत आतून बाहेर त्याच्या पंधरा-वीस पट. चाचणीत काही सापडलं नाही, तर ती चाचणी काय पकडू शकत होती, हे आधी विचारा.

व्हॅक्यूमचं खरं काम आतली ओल काढणं. ३० अंशांना दाब ४२ मिलिबारच्या खाली गेला की पाणी उकळून निघून जातं. म्हणून क्रम असा: दुरुस्ती, व्हॅक्यूम, कमी झालेलं तेल, आणि शेवटी स्टिकरप्रमाणे तोलून गॅस.

गळती न शोधता गॅस भरत राहिलं, तर तेलाअभावी कॉम्प्रेसर जाम होण्याची भीती असते. शिवाय आर-१३४एची तापवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरतात. वरचे १४० ग्रॅम म्हणजे साधारण २०० किलो! असे वायू कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली.

आता तुमच्या विषयातलं एक मोजमाप घ्या. तुम्हाला हवी असलेली गोष्ट तशीच राहूनही तो आकडा कशाकशाने बदलेल, याची यादी करा. प्रयोगाची आखणी त्या यादीपासून सुरू करा.