रायगडावरचा ‘यंत्रराज’ आणि ऑनलाइन मिळणारा डिटेक्टर

या भागात जे बोललो तेच इथे लिहून टाकतोय, फक्त मधलं ‘म्हणजे म्हणजे’ काढलंय.

२०२५ मध्ये बातमी आली की रायगडावर ‘यंत्रराज’ सापडला. पुरातत्त्व खातं आणि रायगड विकास प्राधिकरण तिथे उत्खनन करतंय. कुशावर्त तलावाच्या वरच्या अंगाला, एका जुन्या वाड्याच्या जागी ही वस्तू मिळाली. तिच्यावर संस्कृत अक्षरं, मधे नाग आणि कासवासारखे प्राणी, आणि ‘मुख’, ‘पूंछ’ असे शब्द, असं जाहीर झालं. आठवड्याभरात आमच्या पोलादपूरच्या शाळेच्या ग्रुपवर मेटल डिटेक्टरची लिंक फिरायला लागली. चौघांनी काँट्री काढून घ्यायचा, पावसाळा संपला की डोंगरावर जायचं! म्हणून हा भाग.

आधी यंत्रराज काय असतो ते बघू. इंग्रजीत त्याला अ‍ॅस्ट्रोलेब म्हणतात. पितळेची जाड तबकडी, कडेला अंशांच्या खुणा, आत पातळ चकत्या, त्यावर ताऱ्यांची टोकं असलेली जाळी, आणि मागे फिरणारी पट्टी. पट्टीतून सूर्य किंवा तारा किती उंचीवर आहे ते मोजायचं, जाळी तेवढी फिरवायची, की वेळ मिळते. मोबाइलच्या आधीचं अ‍ॅपच म्हणा ना. संस्कृतात यावरचा पहिला ग्रंथ महेंद्र सूरींनी १३७० मध्ये, फिरोजशाह तुघलकाच्या काळात लिहिला.

अशी वस्तू ओळखताना मजा आहे ती आकड्यांत. आतली प्रत्येक चकती एका ठराविक अक्षांशासाठी कोरलेली असते. रायगड साधारण १८ अंश उत्तरेला आहे. चकती १८ ची असेल तर यंत्र या भागासाठी केलेलं, २७ च्या आसपासची असेल तर जयपूरकडचं. आणि ताऱ्यांच्या टोकांवरून काळही काढता येतो, कारण पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो आणि ताऱ्यांचे रेखांश दर ७२ वर्षांनी सुमारे १ अंश सरकतात. कोरणाऱ्याचा हात नेमका असेल तर काही दशकांच्या फरकाने अंदाज बांधता येतो.

आता माझं मत. नाग, कासव, मुख, पूंछ हे शब्द एकत्र ऐकले की मला आकाशाआधी पायाभरणी आठवते. खातमुहूर्ताला नागाचं मुख कुठे, शेपूट कुठे हे बघूनच कुदळ मारतात, आणि देवळाच्या पायात कूर्मशिला असते. किल्ला बांधताना हे वापरलं असावं असंही तेव्हा म्हटलं गेलं, ते या अंगाने मला जास्त पटतं. हे ठरवायला वस्तू पुरत नाही. ती कुठल्या थरात, जोत्याच्या वर की खाली, शेजारी कुठली खापरं होती, हे लागतं. उत्खननात ते सगळं मोजून नोंदलं जातं. कुदळीने उपसलेल्या खड्ड्यात ते एका मिनिटात संपतं, आणि हातात उरते नुसती चकती.

डिटेक्टर इथे काहीच मदत करत नाही. त्याच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत प्रवाह फिरतो, आणि तो किती उशिरा उत्तर देतो त्यावरून स्क्रीनवर आकडा येतो. आकडा सांगतो वाहकता आणि आकार, वय नाही. शिवराई आणि नळाचं पितळी वायसर त्याला जवळजवळ सारखेच. त्यात आपल्याकडचा काळा दगड आणि लाल माती लोहयुक्त, त्यामुळे स्वस्तातलं मशीन सारखं उगाच किंचाळतं.

आणि कायदा. रायगड संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा. आपल्या स्वतःच्या शेतातसुद्धा १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हो, अजूनही १० च रुपये.

नांगरताना खरंच काही वर आलं तर? चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. हिरवा थर घासला की त्याखालची बारीक कोरीव रेघही जाते. बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा, गट नंबर आणि किती खोलीवर मिळालं ते लिहा, कोरड्या कागदात गुंडाळा. मग महाडच्या किंवा पोलादपूरच्या तहसीलदारांकडे जा, अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा, आणि पोच घ्यायला विसरू नका.